वहीतलं शिकागो

तिसऱ्या गेटापाशी, चहाच्या गाड्यावर विचारतात,
काय बघितलास बे शिकागोत?
मी वही काढतो.
निळ्या पुठ्ठ्याची, उद्यमबागेतल्या आमच्या फौंड्रीची.
मागच्या पानांवर पॅटर्नची मापं,
पुढच्या पानांवर शहर.

विमानाचं तिकीट मालकांचं. प्रदर्शनाचे तीन दिवस मालकांचे.
पुढचे सहा दिवस माझे, चारशे डॉलरचे.
रेणुकानं भिशीतला आपला नंबर मला दिला होता,
वर म्हणाली, परत येताना घड्याळ-बिड्याळ आणू नका.

झोप: एका खोलीत आठजण, मी वरच्या फळीवर.
रात्रीला चौतीस.
सकाळी पाव-लोणी फुकट.
दोन पाव तिथं, दोन खिशात.
कुणी बघितलं असेल. बघू दे.

पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीला गुणत होतो.
एक कॉफी म्हणजे चार किलो तांदूळ.
तिसऱ्या दिवशी गुणाकार सोडला;
भूक काही रुपयांत लागत नाही.

बसचा खर्च कुठंच नाही. चाललो.
डाव्या बुटाचा तळ गेला, तो अजून मांडायचाय.

काचेच्या इमारतीवर चढायला तिकीट होतं,
खाली उभं राहायला नव्हतं.
तळ्याला नव्हतं. तळं कसलं, पलीकडं काठच नाही.
नदीवरच्या पुलांना नव्हतं.
एका दुपारी त्यातला एक मधोमध दुभंगला
चार शिडाच्या होड्यांसाठी.
अख्खा रस्ता डांबरासकट आभाळात उभा राहिला.
गाड्यांतली माणसं घड्याळं बघत होती,
मी रिव्हेट मोजत होतो.
दोनशे बारापर्यंत आलो आणि पूल मिटला.

पाट्या वाचायच्या नादाला लागलो नाही.
आपण इथं अर्ध्या बसेस रंगावरून ओळखतो,
उरलेल्या कंडक्टरच्या ओरडण्यावरून.
तेवढी विद्या तिथं पुरली.

बाकावरच्या एका म्हातारीनं विचारलं, कुठले तुम्ही?
अनगोळात ह्या प्रश्नाला आधी विचारणारा बघावा लागतो,
मग भाषा निवडावी लागते,
मग उत्तर.
तिथं म्हटलं, इंडिया.
ती म्हणाली, नाइस,
आणि कबुतरांना पाव टाकायला लागली.
चांगला पाव होता.

पाचव्या दिवशी मान दुखायला लागली म्हणून
खाली बघत चाललो होतो, तर गटाराचं झाकण.
गुडघ्यावर बसलो.
ड्राफ्ट बरोबर, जाळी बरोबर,
फक्त एका कोपऱ्यात रस थंड पडून नीट सांधला नव्हता,
नखाएवढी शीर.
ओतणारा दमला असणार. दुसऱ्या पाळीचा शेवट.
कडेला इंग्रजीत पाच अक्षरं, इंडिया.
वाळूत उलटी बसलेली, लोखंडात सुलट झालेली.
राज्य नव्हतं. जिल्हा नव्हता. तालुका तर नाहीच.
बोट फिरवून बघितलं, झिजून गेलेलंही नव्हतं काही.

पोलीस आला. काही हरवलंय का?
म्हटलं, नो सर. कास्टिंग.
तोही वाकला, बराच वेळ बघत राहिला.
त्याला काय दिसलं त्यालाच ठाऊक.

शिल्लक एकसष्ट डॉलर. रेणुकाच्या हातात ठेवले,
तिनं दोनदा मोजले, एक नोट उजेडात धरली.

वहीत नाही ती एकच गोष्ट.
मालकांनी तिथल्या साहेबाला द्यायला
किलोभर कुंद्याचा डबा दिला होता.
साहेब प्रदर्शनाला आलाच नाही.
शेवटच्या रात्री तळ्याकाठी बसलो,
वारा असा की डोळ्यांतून पाणी,
आणि खोलीच्या किल्लीचं जे प्लास्टिकचं कार्ड असतं
त्यानं खरवडून खरवडून
सगळा खाल्ला.

मालकांना सांगितलंय, साहेबाला फार आवडला.
काल म्हणत होते, दिवाळीला पाच किलो धाडू.